बोरजाईची एक हरकत

गाव गेल्याचं कळलं तेव्हा मी कोंडामावशीची ज्वारी दळत होतो. गिरणी चालू असली की समोरचं बोलणं ऐकू येत नाही. विलास नाईकनवरे दारात उभा राहून काहीतरी सांगत होता, मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्याच्या घरी पाळणा हलला असेल असं वाटून मी हसून बटण बंद केलं.

"काय झालं? मुलगा का मुलगी?"

"शहर झालं, दादा," विलास म्हणाला. "अंतिम अधिसूचना निघाली. बोरजाई आजपासून महापालिकेत."

कोंडामावशी पोत्यावर बसली होती. तिनं पदर तोंडावरून बाजूला केला. "म्हंजी काय झालं?"

"म्हणजे मावशी, तुम्ही आता शहरातल्या."

"आन् माझी शेरडं?"

"शेरडंबी शहरातलीच," विलास म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

आमचं घर गिरणीच्या मागेच. आवाज बंद झाला तशी शालन बाहेर आली. दळण मध्येच का थांबलं ते बघायला आली असावी. शालन माझी बायको आणि तेव्हा बोरजाईची सरपंच. जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून ती उभी राहिली होती, आणि लोक मला गमतीनं 'सरपंचपती' म्हणायचे. पण मी सभेत मागच्या सतरंजीवर बसायचो, आणि पंचायतीत काय चाललंय ते मला इतरांच्या बरोबरच कळायचं.

"वहिनी, पेढा घ्या."

तिनं हात पुढं केला नाही. "आजपासून?"

"आजपासून. ग्रामपंचायत बरखास्त. आता प्रशासक. म्हणजे तुम्ही..." विलास थांबला. त्याला ते बोलायला जड गेलं.

"माजी," शालनच म्हणाली. "मग ग्रामसभा?"

"महापालिकेत ग्रामसभा नसते, वहिनी. नगरसेवक असतो."

"कोण आहे?"

"निवडणूक झाली की असेल."

कोंडामावशी शालनकडं बघत होती. "शालन," ती म्हणाली, "आपण हात वर केलं व्हतं की गं. साहेबानं बघितलं व्हतं की."

"हो मावशी. बघितले होते."

तेवढं बोलून शालन आत गेली. मी गिरणी पुन्हा चालू केली. दळण अर्धं राहिलं होतं.

हे हात कसले, ते सांगायला हवं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला टेकाड आहे, तिथं गायरान. गावातली शेरडं, म्हशी तिथं चरायची. टेकाडाच्या उतारावर गावाची विहीर. शहराला कचरा टाकायला जागा हवी होती आणि त्यांची माणसं गायरान मोजूनही गेली होती. ग्रामसभेनं दोन वेळा ठराव करून नाही म्हणून कळवलं. ग्रामसभा नाही म्हणते तोवर त्यांचं काही चालत नव्हतं. मग गावच शहरात घ्यायची गोष्ट निघाली. गाव शहरात गेलं की ग्रामसभा नाही, आणि ग्रामसभा नाही म्हटल्यावर नाही म्हणणारं कोणी नाही. आमचा विरोध होता तो एवढ्यासाठी. शहराचं नळाचं पाणी, डांबरी रस्ता, दिवे कोणाला नको होते?

सरकारनं आधी मसुदा काढला. कोणाची हरकत असेल तर मुदतीत लिहून द्या, मग सुनावणी होईल. शालननं ग्रामसभा लावली. देवळापुढं सतरंज्या टाकल्या, दवंडी दिली. बायका एवढ्या कधी आल्या नव्हत्या.

आमच्या गावची एक रीत होती. माझ्या आजोबांच्या वेळी पाझर तलावाच्या जागेवरून गावात दोन तट पडले. दोघांनी वेगवेगळे अर्ज केले. साहेब म्हणाला, आधी तुमचं तुम्ही ठरवा. तोवर तलाव शेजारच्या गावाला गेला. तेव्हापासून ठरलं की देवळापुढं हवं तेवढं भांडा, शिव्या द्या, पण एकदा हात वर झाले की गावाबाहेर एकानंच बोलायचं आणि एकच कागद जायचा. त्या रीतीवर आम्ही एसटी गावात आणली. दारूचं दुकान बंद केलं तेही तसंच. रीत खोटी होती असं म्हणायला आमच्याकडं काही कारण नव्हतं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मसुदा वाचून दाखवला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हरकत कोणालाही देता येते. एकट्यालाही."

कोंडामावशी उठली. नवरा गेल्यापासून ती शेरडांवर जगत होती. "मग माझा बी अंगठा घ्या की. गायरान गेलं तर माझी शेरडं जात्यात. दुसऱ्याची न्हाईत."

"मावशी, वेगळा कशाला?" शालन म्हणाली. "तुमचा हात त्यात आहेच की. वेगवेगळे कागद गेले की गाव फुटलंय असं दिसतं."

"तसं म्हणतीस?"

"आजवर तसंच केलंय ना आपण?"

"व्हय, ते खरं," म्हणून मावशी खाली बसली.

कोणीतरी मागून ओरडलं, "सरपंचपतीचं काय म्हणणं?"

"त्यांना विचारू नका," शालन म्हणाली, "त्यांना गिरणीत काही ऐकू येत नाही." सगळी सभा हसली. मीही हसलो.

मग तिनं विचारलं, "गाव महापालिकेत जाऊ नये, असं कोणाकोणाला वाटतं?" हात वर झाले. म्हाताऱ्यांचे, बायकांचे, कडेला उभ्या पोरांचे. विलासनंही केला. तो प्लॉट पाडून विकायचा धंदा करायचा, त्यामुळे त्याच्याकडं सगळ्यांचं लक्ष होतं. त्याचा हात वर गेला तशी दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊसाहेबांनी ठराव लिहिला. एकमतानं मंजूर. तो ठराव जोडून ग्रामपंचायतीची एक हरकत गेली.

सुनावणी शहरात होती. गाव दोन टेम्पो आणि एका दुधाच्या गाडीतून निघालं. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. कोंडामावशीनं शेरडं शेजारणीकडं बांधली. भाकरी, ठेचा, पिठलं बांधून घेतलं होतं. लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. कोणीतरी गाणंही म्हणत होतं.

कचेरीच्या आवारात कडुलिंबाची झाडं होती. आम्ही त्यांच्या सावलीत बसलो. शालननं काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ती ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मी म्हटलं, "पाणी पी." ती म्हणाली, "बोलून झाल्यावर."

शिपाई दारात आला. "बोरजाई. हरकतदार आत या."

गाव उठलं. सगळे पायऱ्या चढायला लागले.

"अरे, अरे! कुठं निघालात?" शिपायानं हात आडवा घातला. "एका हरकतीला एक माणूस. फार तर सोबत आणखी एक."

"आम्ही सगळे हरकतदार आहोत," शालन म्हणाली.

"बाई, यादीत एक आहे. ग्रामपंचायत बोरजाई. बाकीचे बाहेर."

शालन मागं वळून म्हणाली, "तुम्ही थांबा. मी सांगते आत." आणि माझ्याकडं बघून, "चला तुम्ही."

आत लांब टेबल. टेबलामागं साहेब, वयानं आमच्याएवढेच असतील. चेहरा थकलेला. समोर खुर्च्यांच्या रांगा आणि त्यातल्या एका खुर्चीवर विलास बसला होता. त्याच्या शेजारी, मागं, भिंतीपर्यंत माणसं. त्यातली बरीच मी कधी पाहिली नव्हती. काही चेहरे ओळखीचे होते, गिरणीत दळण आणणारे. विलासनं प्लॉट विकलेले हे लोक. कोणाचं बोरजाईत घर होतं, कोणाचा नुसता सात-बारा.

एकेकाचं नाव पुकारत होते. माणूस उठायचा आणि म्हणायचा, "माझा महापालिकेत जायला पाठिंबा आहे." साहेब नोंदवायचे. दुसरा उठायचा. प्रत्येकाचा कागद वेगळा होता. प्रत्येकाला बोलायला वेळ मिळत होता.

शालन विलासच्या कानाजवळ वाकली. "तू सभेत हात वर केला होतास."

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हात वर करायला काय लागतं?"

तिची पाळी आली. ती चांगली बोलली. गायरान, विहीर, शेरडं, ग्रामसभेचे आधीचे दोन ठराव, सगळं. पाठ केलेलं विसरली आणि घरात बोलते तसं बोलली. साहेबांनी मध्ये टोकलं नाही. तिचं झाल्यावर ते म्हणाले, "ठीक आहे. तुमचं म्हणणं नोंदवलं. बोरजाईतून हरकत एक."

"एक नाही साहेब. गाव आहे."

"ठराव आहे ना तुमचा? ठराव म्हणजे ग्रामपंचायतीची हरकत. ती एक."

"पण ठरावाला सगळ्या गावानं हात वर केलेत."

साहेबांनी समोरच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "बाई, ही समर्थनाची निवेदनं. प्रत्येक वेगळं आहे. तुमच्या लोकांनी वेगवेगळं का दिलं नाही?"

शालननं खिडकीकडं बघितलं. मग म्हणाली, "आमच्यात तसं करत नाहीत."

मागं कोणीतरी हसलं.

"आता देतो," ती म्हणाली. "बाहेर सगळे आहेत. आत्ता देतो."

"मुदत संपून गेली. आता मला घेता येणार नाही."

मग तिनं जे केलं ते मी अजून डोळ्यांपुढून काढू शकत नाही. ती खिडकीशी गेली, गजांतून बाहेर बघून ओरडली, "कोंडामावशी! हात वर करा गं! सगळ्यांनी!"

बाहेर भाकरी सोडलेली होती. खाता खाता त्यांनी हात वर केले. आत काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं. सरपंचानं सांगितलं म्हणून केले. कोणाच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. कोंडामावशीनं दोन्ही हात वर केले होते.

"साहेब, या. बघा."

ते उठले. मला वाटलं होतं रागावतील, शिपायाला बोलावतील. पण ते उठून खिडकीशी आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. बाहेर कोणी हात खाली घेईना, कारण शालननं खाली घ्या म्हटलं नव्हतं.

"दिसतायत मला," ते म्हणाले. "पण बाई, हे हात मी लिहू कशात?"

शिपायानं पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी तिला घेरलं. "ऐकलं का? काय म्हणला साहेब?" शालन म्हणाली, "तुमचे हात बघितले त्यांनी. खिडकीशी येऊन बघितले." सगळ्यांना बरं वाटलं. कोंडामावशी म्हणाली, "मी दोन केलं व्हतं." येतानाही गाणी झाली. शालन दुधाच्या गाडीत माझ्या शेजारी बसली होती. तिचं पाणी प्यायचं राहूनच गेलं, ते मला गाव जवळ आल्यावर आठवलं.

त्यानंतर विलास पेढे घेऊन आला, तो दिवस. ते मी सांगितलंच आहे.

पुढं कळायला लागलं तसं लोकांनी तिला बोलायला सुरुवात केली. तोंडावर नाही. गिरणीत दळण ठेवून जाताना कोणी माझ्याकडं बघून म्हणायचं, "वेगवेगळं दिलं असतं तर बरं झालं असतं, नाही का दादा?" मी म्हणायचो, "आवाजात ऐकू येत नाही." घरी ती विचारायची, "काय म्हणत होता?" मी म्हणायचो, "पीठ बारीक हवं म्हणत होता."

पहिल्याच वर्षी गायरानावर कचऱ्याच्या गाड्या आल्या. कोणाला विचारायचं कारण राहिलं नव्हतं. कोंडामावशीनं शेरडं विकली. पावसाळ्यात टेकाडावरून काळं पाणी उतारानं खाली आलं. विहिरीचं पाणी आधी पिवळसर झालं, मग त्याला वास यायला लागला. नळ यायचा होता, तो आला नव्हता. गाव तेच पाणी गाळून पीत होतं.

लोक सवयीनं शालनकडंच यायचे. "मी आता सरपंच नाही," असं ती आधी म्हणायची. मग म्हणायचं सोडलं. ती महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जायला लागली. तिथली मुलगी खिडकीतून सांगायची, "काकू, नगरसेवकाचं पत्र आणा."

"नगरसेवक नाही आम्हाला. निवडणूकच झाली नाही."

"मग निवडणूक झाल्यावर या."

"तोवर पाणी कोणतं प्यायचं?"

"काकू, ते पाणीपुरवठा विभाग सांगेल."

असं ती घरी आल्यावर मला सांगायची. त्या मुलीची नक्कल करून सांगायची. हसायलाही यायचं.

एक दिवस ती म्हणाली, "या वेळी चूक करायची नाही. प्रत्येकाचा वेगळा अर्ज."

घरोघर फिरली. पाणी तपासावं, गाड्या थांबवाव्यात, एवढंच मागणं, पण प्रत्येकाचं वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या सहीनं. ज्यांनी तिला नावं ठेवली होती त्यांच्याही दारात गेली. कोंडामावशीकडं गेली तेव्हा मी बरोबर होतो. मावशी म्हणाली, "आता घेतीस व्हय माझा अंगठा?"

"हो मावशी."

"तवा न्हाई घेतलास."

"नाही घेतला."

मावशीनं अंगठा दिला. शाई पदराला पुसली. "चहा घेऊन जा," म्हणाली. शालन बसली. मावशी म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई माझा. तू गावाचंच केलंस." शालननं कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता. तिला तो पिता येईना.

पिशवीभर अर्ज झाले. ती ते घेऊन एकटीच गेली. मी येतो म्हटलं तर म्हणाली, "दळणं पडलीत. तुम्ही कशाला?"

ती परत आली तेव्हा पिशवी तशीच भरलेली होती. ती गिरणीत आली, माझ्यासमोर पोत्यावर बसली. मी बटण बंद केलं.

"घेतले नाहीत?"

"घेत होते," ती म्हणाली. "पण म्हणाले, सगळ्यांचा विषय एकच आहे. एवढे कागद कशाला? सगळ्यांच्या वतीनं एकच अर्ज करून आणा."

तिला हसू आलं. मलाही आलं. मग बघतो तर ती हसत नव्हती.

त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातल्या खिडकीत काचेची बाटली ठेवली. सरबताची रिकामी झालेली, धुऊन घेतलेली. तिच्यात विहिरीचं पाणी भरलं, झाकण लावलं. पाणीपुरवठा विभागात नेऊन द्यायची म्हणाली. अर्ज नको, नुसती बाटलीच टेबलावर ठेवते, बघू काय म्हणतात. सोमवारी जायचं ठरलं. त्याआधीच तिला ताप आला. आठवड्यानं डोळे पिवळे दिसायला लागले. गावात त्या वर्षी बऱ्याच जणांना कावीळ झाली. कोणी म्हणालं झाडपाल्याचं औषध घ्या, कोणी म्हणालं दवाखान्यात न्या. आम्ही दोन्ही केलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले उशीर झालाय. कशानं झाली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेवटचे दोन दिवस ती फारसं बोलली नाही. एकदा मध्येच म्हणाली, "अहो, बाहेर लोक थांबलेत. हात खाली घ्या म्हणावं त्यांना." मी म्हटलं, "सांगतो." ती म्हणाली, "दुखत असतील हात." मग झोपली.

मयताला सगळं गाव आलं. विलास सगळ्यांत आधी आला, गाडी त्यानंच केली. तो माझ्याशेजारी बसून रडला. कोंडामावशी शालनच्या उशाशी बसली होती.

मृत्यूचा दाखला आणायला मी प्रभाग कार्यालयात गेलो. खिडकीत तीच मुलगी असावी, शालन नक्कल करायची तशी बोलत होती. तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं वर बघितलं. "पाण्यासाठी यायच्या त्या काकू?" मी हो म्हटलं. तिनं मान खाली घालून दाखला लिहिला. बोरजाई लिहून खोडलं आणि प्रभागाचा नंबर घातला.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. गिरणी अजून चालते, पण दळण कमी येतं, लोक तयार पीठ आणतात. कोंडामावशी गेली. नळ आला आहे, दिवसाआड थोडं पाणी येतं, बाकीचं विहिरीचंच. गाड्या येतात. आमच्या प्रभागातून अजून कोणी निवडून गेलेलं नाही. पुढच्या वर्षी निवडणूक होईल असं म्हणतात. दर वर्षी म्हणतात.

बाटली खिडकीत आहे. मी ती पुसतो. तळाशी काळा थर बसला आहे, वरचं पाणी स्वच्छ दिसतं. ते तपासायचं अजून राहिलं आहे.